परमुलखात जन्मलेले आपले खेळाडू

18 नोव्हेंबर 2025 या एकाच तारखेला फुटबॉलच्या तीन मैदानांवर तीन निकाल लागले. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडने डेन्मार्कला 4-2 असं हरवलं आणि 1998 नंतर पहिल्यांदा विश्वचषक गाठला. कुरासाव बेटावर हैतीने निकाराग्वाला 2-0 ने नमवलं. त्यांची तर 1974 पासूनची प्रतीक्षा संपली. आणि ढाक्यात बांगलादेशने भारताला 1-0 ने हरवलं. आशिया चषकाची आपली वाट त्याच्या महिनाभर आधीच बंद झाली होती, तीही आपल्या बेळगावकरांच्या शेजारी, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, सिंगापूरकडून 2-1 ने हरून.

जिंकलेल्या या तिन्ही संघांत एक गोष्ट सारखी होती. तिघांनीही दुसऱ्या देशात जन्मलेल्या, पण आईबापाच्या किंवा आजाआजीच्या नात्याने आपल्या असलेल्या पोरांना हाक मारून बोलावून घेतलं होतं. डेन्मार्कविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला हवेत आडवा होऊन ओव्हरहेड किक मारणारा स्कॉट मॅक्टोमिने इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा. बांगलादेशच्या मधल्या फळीचा कणा झालेला हमझा चौधरी इंग्लंडमध्येच जन्मला आणि लेस्टर सिटीच्या मुशीतून तयार झाला. हैतीचं पुढे सांगतोच. भारताच्या बाजूला मात्र ही हाक मारायची सोयच नाही. आपल्याकडे परदेशी पासपोर्ट सोडल्याशिवाय कुणालाही देशाची जर्सी घालता येत नाही, आणि 2008 पासून सरकारचं हे धोरण ठाम आहे.

हे धोरण बदललं पाहिजे असं माझं मत आहे. त्यासाठी यंदाच्या, म्हणजे 2026 च्या विश्वचषकातल्या क गटाकडे बोट दाखवतो. ब्राझील, मोरोक्को, स्कॉटलंड आणि हैती हे चार संघ पुढ्यात ठेवले की ‘आपला खेळाडू कोण’ या प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरं समोर येतात. आणि हा प्रश्न आपल्या सीमाभागातल्या माणसाला जितका कळतो तितका दिल्लीत बसलेल्याला कळत नसावा.

यातला पहिला धडा स्कॉटलंडचा. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1872 साली ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यातच झाला, 0-0 बरोबरीत सुटला. तेव्हापासून या संघाची स्वतंत्र ओळख आहे, स्कॉटलंड सार्वभौम देश नसूनही. आठ विश्वचषक खेळले, पण एकदाही गटाच्या पुढे गेले नाहीत. 1974 मध्ये तर एकही सामना न हरता, ब्राझीलला 0-0 वर रोखूनही गोलफरकाने घरी परतले. 1978 आणि 1982 मध्ये पुन्हा गोलफरकच आडवा आला. एवढी निराशा पचवलेल्या संघाचा आजचा तारणहार मॅक्टोमिने लँकेस्टरमध्ये जन्मला, मँचेस्टर युनायटेडमध्ये घडला आणि नापोलीकडून 2024-25 मध्ये इटलीची लीग जिंकला. तो स्कॉटलंडचा आहे तो वडिलांमुळे. हॅम्पडेनवर त्याने ती किक मारली तेव्हा त्याच्या जन्मदाखल्यावर कुठल्या गावाचं नाव आहे हे तिथल्या एकाही प्रेक्षकाला आठवलं नसेल.

हैतीचं प्रकरण यापेक्षा फार खोल आहे. पोर्ट-ओ-प्रिन्समधलं त्यांचं राष्ट्रीय मैदान 2024 मध्ये सशस्त्र टोळ्यांनी बळकावलं. त्यामुळे पात्रता फेरीतले ‘घरचे’ सामने त्यांना समुद्रापलीकडे कुरासाववर खेळावे लागले. प्रशिक्षक सेबास्तियँ मिन्ये फ्रेंच, आणि संघाला विश्वचषकात नेईपर्यंत त्यांना हैतीत पाऊलही ठेवता आलं नव्हतं. संघाचा विक्रमी गोल करणारा डकन्स नाझोन फ्रान्समध्ये जन्मलेला, मधल्या फळीतला जाँ-रिकनेर बेलगार्दही फ्रान्समध्येच जन्मलेला. कोस्टा रिका आणि होंडुरास यांच्या गटात हा संघ पहिला आला. विजयाची तारीख 18 नोव्हेंबर, म्हणजे 1803 मध्ये हैतीच्या गुलामांच्या फौजेने व्हर्तिएरच्या लढाईत नेपोलियनच्या सैन्याला हरवलं तोच दिवस. त्या रात्री पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये माणसं भीती विसरून रस्त्यावर आली. ज्या देशात आज लीग चालवणं मुश्कील आहे त्या देशाला परदेशातल्या पोरांनी एक रात्र परत मिळवून दिली. त्यांना उपरे म्हणायची हिंमत कुणाची होईल?

1974 ची आठवण हैतीत अजून जिवंत आहे. इटलीचा गोलकीपर दिनो झोफ तेव्हा 1142 मिनिटं आंतरराष्ट्रीय सामन्यात गोल न खाता उभा होता. ती भिंत इमॅन्युएल सानोनने फोडली. सामना इटलीने 3-1 ने जिंकला, पोलंडने 7-0 आणि अर्जेंटिनाने 4-1 ने हैतीला हरवलं, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो सानोनचा गोल. यंदा हैतीची पहिली गाठ स्कॉटलंडशी, बोस्टनजवळच्या मैदानावर. अमेरिकेने हैतीच्या नागरिकांवर प्रवासबंदी घातली आहे. खेळाडूंना सवलत आहे, देशातून येऊ पाहणाऱ्या चाहत्यांना नाही. पण बोस्टनमध्ये हैतीतून स्थलांतरित झालेल्यांची मोठी वस्ती आहे. म्हणजे घरी ज्यांना मैदान नाही त्यांना परदेशात घरच्यासारखी गर्दी मिळेल. माझ्या मते स्कॉटलंडला हा सामना लोक समजतात तितका सोपा जाणार नाही.

आता मोरोक्को. या गटात मला सगळ्यात जास्त शिकवणारा संघ हाच. 2022 मध्ये कतारला त्यांनी बेल्जियमला 2-0 ने हरवलं, स्पेनला पेनल्टीवर, पोर्तुगालला 1-0 ने घरी पाठवलं आणि उपांत्य फेरी गाठणारा आफ्रिकेतला पहिला देश ठरला. त्या 26 जणांच्या चमूतले 14 जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. गोलकीपर यासिन बुनू कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा, हकीम झियेश आणि सोफियान आम्राबात नेदरलँड्समधले, खुद्द प्रशिक्षक वलिद रेग्रागी फ्रान्समध्ये जन्मलेला. आणि अश्रफ हकिमी माद्रिदचा. आई लोकांच्या घरी साफसफाई करायची, वडील रस्त्यावर माल विकायचे, पोरगा रेआल माद्रिदच्या अकादमीत वाढला. त्याच स्पेनविरुद्ध शेवटची निर्णायक पेनल्टी घ्यायला तो पुढे आला. समोर गोलकीपर एका बाजूला झेपावणार हे ओळखून त्याने चेंडू मधोमध हळूच उचलून टाकला. ज्या देशात जन्मला त्या देशाला घरी पाठवणारी ती किक मारताना त्याचा पाय डगमगला नाही. सामना संपल्यावर तो प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे धावत गेला. निष्ठा पासपोर्टवरूनच ठरते म्हणणाऱ्यांनी त्या पेनल्टीकडे पुन्हा एकदा पाहावं.

पण मोरोक्कोची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच सांगितली असं होईल. राबातजवळ साले इथे त्यांनी मोहम्मद सहावा अकादमी उभारली. युसुफ एन-नेसिरी, नायेफ अगेर्द, अझेदिन उनाही ही 2022 च्या संघातली मोठी नावं तिथे घडली. ऑक्टोबर 2025 मध्ये चिलीत झालेल्या 20 वर्षांखालच्या विश्वचषकात मोरोक्कोने अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला 2-0 ने हरवलं. दोन्ही गोल करणारा यासिर झाबिरी त्याच अकादमीतला. परदेशातल्या लेकरांना त्यांनी हाक मारली, आणि घरच्या लेकरांसाठी मैदानही बांधलं. हे दोन्ही एकाच वेळी केलं म्हणून जमलं.

ब्राझीलवर फार लिहायची गरज नाही, ते आपल्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. पाच विश्वचषक, आणि आजवरच्या प्रत्येक विश्वचषकात खेळलेला एकमेव देश. तरी यंदा पात्रता फेरीत हा संघ दक्षिण अमेरिकेत पाचवा आला, अर्जेंटिनाकडून 4-1 असा सडकून हरला आणि अखेर इटलीचे प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्ती यांच्या हाती सोपवला गेला. आपल्या मुद्द्यापुरती एकच गोष्ट सांगतो. डेको आणि पेपे पोर्तुगालकडून खेळले, जॉर्जिन्यो इटलीकडून, दिएगो कोस्ता ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळूनही पुढे स्पेनकडे गेला. सगळे ब्राझीलमध्ये जन्मलेले. कोस्ताला 2014 मध्ये ब्राझीलच्या मैदानांवर शिट्ट्या खाव्या लागल्या हे खरं, पण ब्राझीलचा फुटबॉल त्यामुळे बुडाला नाही. जिथे झरा वाहता असतो तिथे चार घागरी बाहेर गेल्याने काही बिघडत नाही.

या गटातले तीन संघ 1998 मध्येही एकत्र होते, चौथा होता नॉर्वे. शेवटच्या दिवशी मोरोक्कोने स्कॉटलंडला 3-0 ने धुतलं आणि आपण पुढे गेलो असं धरून चालले. तिकडे मार्सेयमध्ये नॉर्वेविरुद्ध ब्राझील पुढे होतं. नॉर्वेने आधी बरोबरी साधली, मग सामना संपत आला असताना पेनल्टी मिळवली, रेकदालने ती घातली आणि चार गुण घेऊनही मोरोक्को बाहेर पडला. यंदा 48 संघ आहेत, 12 गट आहेत आणि तिसऱ्या क्रमांकाच्या 12 पैकी आठ संघांना पुढची फेरी मिळणार आहे. त्या हिशेबाने चार गुण असलेला संघ जवळजवळ नक्की पुढे जातो. यामुळे गटातली धार बोथट होते अशी तक्रार पुष्कळ जण करतात. मला ती पटत नाही. हैती, कुरासाव, जॉर्डन, उझबेकिस्तान या देशांना मंच मिळत असेल तर थोडी धार गेली तरी चालेल.

माझा अंदाज असा: मोरोक्को पहिला, ब्राझील दुसरा. मार्च 2023 मध्ये टँजियरला मोरोक्कोने ब्राझीलला 2-1 ने हरवलं होतं, त्यामुळे 13 जूनला न्यू जर्सीत मोरोक्कोचे पाय कापणार नाहीत. आपल्याकडे तेव्हा 14 तारखेची पहाट असेल आणि मृगाच्या पावसात खानापूर भागात वीज टिकली तर बघायला मिळेल. स्कॉटलंड तिसऱ्या क्रमांकावरून पहिल्यांदाच गट ओलांडेल. हैती चौथा, पण रिकाम्या हाताने परतणार नाही.

आता आपल्याकडे वळतो. बेळगावहून सावंतवाडीच्या रस्त्याने निघालं की बाची लागतं, आणि बाची ओलांडली की शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. दोन्हीकडे भात तेच, बोली तीच, सोयरिकी एकमेकांत. सख्ख्या मावसभावांपैकी एकजण बाचीत राहत असेल तर त्याला निवड चाचणी द्यावी लागते कर्नाटकाची, आणि दुसरा शिनोळीत असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातून महाराष्ट्राची. संतोष करंडकात, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, हे दोघे एकमेकांसमोर उभे राहू शकतात. सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या घरातला मुलगा 2 तारखेला कर्नाटकाच्या चाचणीला बूट बांधून जातो, आणि मला त्यात काहीही विसंगत वाटत नाही. मार्च 2023 मध्ये रियाधला कर्नाटकाने मेघालयाला 3-2 ने हरवून 54 वर्षांनी संतोष करंडक जिंकला तेव्हा मी मराठी माणूस म्हणून मनापासून आनंदलो. सीमाप्रश्नावरचं माझं मत त्याने तसूभरही बदललं नाही. घर, भाषा, राज्य आणि जर्सी या चार गोष्टी एकाच रेषेत नसल्या तरी माणूस अखंड राहू शकतो, हे आपण 1956 पासून जगत आलो आहोत. म्हणूनच हकिमीचं किंवा मॅक्टोमिनेचं मन समजायला आपल्याला कष्ट पडत नाहीत.

तेच मन भारतीय वंशाच्या परदेशस्थ खेळाडूचंही असतं. रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियात जन्मला, आई मुंबईत जन्मलेली. बेंगळुरू एफसीकडून खेळता खेळता त्याने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला आणि भारताचा घेतला. त्याआधी जपानमध्ये जन्मलेल्या अराता इझुमीने हेच केलं होतं. या दोघांचा त्याग मोठा आहे. पण दोघेही भारतात स्थिरावलेले, कारकिर्दीचा बराच भाग पुढे गेलेले होते. युरोपातल्या क्लबात खेळणाऱ्या वीस वर्षांच्या पोराकडून आपण हाच त्याग मागतो, तेव्हा नेमकं काय मागतो ते समजून घ्यायला हवं. ब्रिटिश पासपोर्ट सोडला की त्याला इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडू म्हणून परवाना लागतो, आणि तो परवाना ठरवताना त्याच्या देशाचं फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या क्रमवारीतलं स्थान बघतात. भारत इतका खाली आहे की दार जवळपास बंदच. म्हणजे भारतासाठी खेळायचं तर ज्या लीगमध्ये तो चांगला खेळाडू झाला ती लीगच त्याने सोडायची. मग त्याला बोलावण्यात अर्थ काय उरला?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मी हलका मानत नाही. बाहेरून पोरं आणली तर येळ्ळूरच्या, निपाणीच्या, खानापूरच्या पोराची जागा जाणार नाही का? संध्याकाळी आमच्या भागातल्या एका मैदानावर बघा. पावसाने अर्धं मैदान राड्यात गेलेलं असतं, गोलपोस्टच्या जागी दोन दप्तरं असतात, आणि खडे बाजारात घेतलेली, धुऊन धुऊन पाठीवरचा आकडा विरलेली हकिमीची जर्सी घातलेला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा उजव्या बाजूने चेंडू घेऊन सुटतो. राड्यात चेंडू अडकतो तिथे हा पायाच्या बाहेरच्या कडेने तो अलगद उचलतो, कुणी शिकवलेलं नसताना. त्याला शिकवायला कुणी नाही. जवळचा माळ प्लॉट पाडून विकला गेला, आणि कृत्रिम गवताचा नवा टर्फ तासाच्या भाड्यावर मिळतो जो त्याच्या बापाला परवडत नाही. या पोराची जागा लंडनमधला कुणी घेणार नाही. त्याच्यासाठी जागाच बनवलेली नाही. आयएसएल या देशातल्या सर्वोच्च लीगचा 2025-26 चा हंगाम वेळेवर सुरूसुद्धा होऊ शकला नाही, तो काही परदेशी खेळाडूंमुळे नव्हे.

उलट घरचा पाया न घालता बाहेरच्यांवरच भिस्त ठेवली तर काय होतं तेही आशियातच दिसलं आहे. इंडोनेशियाने नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या खेळाडूंचा जवळजवळ पूर्ण संघ उभा केला. नोव्हेंबर 2024 मध्ये जकार्तात सौदी अरेबियाला 2-0 ने हरवलंही. पण ऑक्टोबर 2025 मध्ये सौदीकडून 3-2 आणि इराककडून 1-0 असे हरून विश्वचषकाबाहेर गेले. मलेशियाचं तर त्याहून वाईट झालं. सात खेळाडूंच्या आजाआजीचे जन्मदाखले बनावट असल्याचं सांगून फिफाने सप्टेंबर 2025 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. नात्याचा धागा खरा नसेल तर जर्सी भाड्याची होते. म्हणून माझी मागणी मोजकी आहे: आई, बाप किंवा आजाआजी भारतात जन्मलेले असल्याचा कसून तपासलेला पुरावा असेल त्यालाच, आणि देशाच्या संघात निवड होईल त्यालाच, परदेशी पासपोर्ट न सोडता भारताचं नागरिकत्व मिळावं. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड दाखवून हे भागत नाही, कारण ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे आणि फिफा पासपोर्ट मागते. क्रीडा खात्याच्या परिपत्रकानेही भागणार नाही. संसदेत नागरिकत्व कायद्याला तेवढ्यापुरती दुरुस्ती करावी लागेल.

कोल्हापूरचा फुटबॉल बघत वाढलेल्यांना हे अवघड वाटू नये. शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ असा सामना असतो, तालमीच्या नावासाठी लोक जीव टाकतात, आणि त्याच तालमींच्या संघांत आफ्रिकेतून आलेले खेळाडूही उतरतात. गोल झाला की पेठ त्यांना डोक्यावर घेते. त्याच कोल्हापूरने 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताला अनिकेत जाधव दिला. बाहेरच्याला सामावून घेणं आणि घरचा घडवणं या दोन्ही गोष्टी एकाच मैदानावर होतात, हे आपल्या शेजारीच दिसतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या मतदारांचे खासदार तीन: बेळगावचे, चिक्कोडीचे, आणि खानापूर-कित्तूर ज्या मतदारसंघात येतात त्या उत्तर कन्नडचे. आपल्या तालुक्यातल्या फुटबॉल मंडळांनी, शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी आणि जुन्या खेळाडूंनी या तिघांनाही पत्रं लिहावीत, पक्ष न बघता, भाषा न बघता. पत्रात दोनच गोष्टी मागाव्यात. एक, नागरिकत्व कायद्यातली ही मर्यादित दुरुस्ती. दुसरी, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी खासदार निधीतून एक मोकळं, विनाभाड्याचं, पावसाचं पाणी निचरा होणारं फुटबॉल मैदान आणि त्यावर वेगळ्या सरकारी तरतुदीतून पगारी प्रशिक्षक. दुसरी मागणी मान्य होत नसेल तर पहिली मान्य झाल्याचा मला आनंद होणार नाही, आणि हे पत्रात स्पष्ट लिहायला हवं.